दाण्याच्या कुटाविना नऊ आठवडे

आषाढी एकादशीला सासूबाईंनी दाण्याचे लाडू केले होते. आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांनी अर्धा लाडू खाल्ला आणि पाचेक मिनिटांत म्हणाला, "आजी, घशात टोचतंय." मग ओठ सुजले, पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठल्या, उलटी झाली, आणि खोकला सुरू झाला तो थांबेचना. मी कपाटात सेट्रिझिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या औषधाची, बाटली शोधत बसले. नवऱ्याने काही न शोधता त्याला उचललं आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गर्दीतून रिक्षा काढायला लावून दवाखाना गाठला. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात खोकला बसला. रात्रभर मात्र ठेवून घेतलं, कारण बरं वाटल्यावर काही तासांनी अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन पुन्हा उलटू शकते.

त्या रात्री खुर्चीत बसल्या बसल्या आठवत गेलं. काकडीची कोशिंबीर खाल्ली की त्याच्या तोंडाभोवती लाल व्हायचं. आम्ही म्हणायचो, लिंबू लागलं असेल. कोशिंबिरीत लिंबाशिवाय काय असतं ते मराठी माणसाला सांगायला नको.

बालरोगतज्ज्ञांनी अहमदाबादच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. फोन केला तर तारीख मिळाली नऊ आठवड्यांनंतरची. "कोणी रद्द केलं तर कळवा," म्हणून मी दर सोमवारी फोन करायचे. शेवटी रिसेप्शनवरच्या बाई माझा आवाज ओळखायला लागल्या, पण तारीख काही अलीकडे आली नाही.

मधल्या काळासाठी बालरोगतज्ज्ञांनी एका कागदावर सगळं लिहून दिलं. नुसत्या गांधी असतील तर सेट्रिझिन आणि नजर. पण श्वास, आवाज, सततचा खोकला, वारंवार उलट्या किंवा गळून जाणं यातलं काही दिसलं तर थेट इंजेक्शन, मग १०८. सेट्रिझिनने खाज जाते, श्वासनलिका उघडत नाही, हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. परदेशात अ‍ॅड्रेनालिनचं तयार इंजेक्शन-पेन मिळतं, आपल्याकडे ते दुकानात सहज मिळत नाही. म्हणून १ मिलीची काचेची अँप्यूल आणि १ मिलीची सिरिंज. आमच्या मुलाचं वजन १६ किलो, त्याला ०.१५ मिली. (हा आकडा उचलू नका. डोस वजनावर ठरतो, आपल्या मुलाचा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.) मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, वेळ नसेल तर कपड्यातूनसुद्धा. नंतर मुलाला आडवं ठेवायचं, उठून चालू द्यायचं नाही. श्वास लागत असेल तर बसवलं तरी चालेल.

सराव मोसंबीवर केला. अँप्यूलच्या मानेला रुमाल धरून ती मोडायची. माझी पहिली चक्काचूर झाली. नवऱ्याच्या सिरिंजमध्ये औषधापेक्षा हवाच जास्त. तिसऱ्या दिवशी सासूबाई चष्मा लावून आल्या, "दुपारी घरात मी असते, तुम्ही नाही," म्हणाल्या, आणि पहिल्याच फटक्यात नेमकं ०.१५ ओढून दाखवलं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला हात. तोपर्यंत त्या "आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं" म्हणत होत्या. त्या दिवसानंतर नाही म्हणाल्या. अँप्यूल २५ अंशांच्या वर ठेवू नये म्हणतात, आणि बडोद्यात पावसाळ्यातसुद्धा बंद गाडीची भट्टी होते. त्यामुळे ती बर्फाशिवाय छोट्या थर्मासमध्ये फिरते. औषधाचा रंग तपकिरी झाला की टाकून द्यायची.

कुटाचा डबा गेला. पोह्यांतले, चिवड्यातले, उपवासाच्या आमटीतले दाणे गेले. ते सोपं होतं. पण मिक्सरच्या झाकणाखालची रबरी रिंग सुरीच्या टोकाने उचकटली तेव्हा आत कुटाचा पिवळट थर निघाला, ओला, घट्ट, बहुतेक वर्षभराचा. याच भांड्यात त्याची खोबऱ्याची चटणी वाटत होते मी. नवं भांडं आणलं.

तेलाचं प्रकरण बडोद्यात विशेष अवघड. लिल्या चिवड्याच्या (बडोद्याचा बटाट्याचा ओलसर चिवडा) दुकानात विचारलं, "कयुं तेल वापरो छो?" मालक छाती काढून म्हणाले, "शुद्ध सिंगतेल, बेन! पामोलिननी वात ज नहीं!" सिंगतेल म्हणजे शेंगदाण्याचंच तेल. त्यांना कसं सांगू की पामोलिन ऐकून मला आनंद झाला असता? अ‍ॅलर्जी प्रथिनाची असते. चांगलं रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात ते जवळपास उरत नाही, घाणीच्या तेलात उरतं. आणि कढईत आधी दाणे तळले असतील तर तेल कोणतं हा प्रश्नच संपला. पाकीटबंद मालावर शेंगदाणा असेल तर तसं छापावं लागतं, सुट्या फरसाणाला पाकीटच नाही. फरसाण बंद. दाबेली तर बंदच, तिच्यावर मसाला सिंग असतेच.

शाळेने "आम्ही औषध देत नाही" एवढंच सांगितलं. डॉक्टरांचं पत्र, मुलाचा फोटो आणि आमचे दोन नंबर वर्गाच्या कपाटावर चिकटवायला त्यांना तीन आठवडे लागले. त्यावर अजून लिहिलं तर रागच येईल.

आता माझी चूक. वाट बघवेना, म्हणून एका लॅबमध्ये मनानेच रक्ततपासणीचं मोठं पॅनेल केलं. रिपोर्टात शेंगदाण्याबरोबर दूध, गहू, हरभरा, वांगं धरून अकरा पदार्थांपुढे कमी-जास्त आकडे. शेंगदाणा सोडून बाकी सगळं तो रोज खात होता, कधी काही झालं नव्हतं, पण छापील कागदापुढे माझी अक्कल चालली नाही. सगळं बंद केलं. पाच आठवड्यांत मुलाचं वजन किलोभर उतरलं आणि तो डब्यातल्या भाकरीकडे बघून रडायला लागला.

शेवटी तारीख उजाडली. पहाटेच्या गाडीने अहमदाबाद. डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या आठवड्यात अ‍ॅलर्जीचं किंवा सर्दीचं औषध दिलंय?" दिलं होतं. तीन दिवसांपूर्वी, सर्दीचं साधं सिरप. त्यातही अ‍ॅलर्जीविरोधी औषध असतं, आणि ते अंगात असेल तर त्वचेवरची तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते. तपासणी होणार नव्हती. नऊ आठवडे थांबून! तारीख देताना फोनवर कोणी हे सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी तिथेच रडले, मुलगा माझ्या ओढणीने माझे डोळे पुसत होता. तुम्ही जाणार असाल तर फोनवरच विचारून घ्या, कोणतं औषध किती दिवस आधी थांबवायचं.

पण ती खेप वाया गेली नाही. डॉक्टरांनी तो पॅनेलचा रिपोर्ट मागितला आणि एकेका पदार्थावर पेन ठेवून विचारलं, "हे खाऊन त्याला काय व्हायचं?" काही नाही. "हे?" काही नाही. रक्तात आकडा येणं म्हणजे शरीराने पदार्थ ओळखणं. त्रास होईलच असं नाही. अकरापैकी दहांवर काट मारली. परतीच्या गाडीत आणंद स्टेशनवर थंड दुधाची बाटली घेतली, फिरवून घटक वाचले आणि त्याला दिली. श्वास न घेता संपवली.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. हातावर ठिपके, प्रत्येकावर थेंब, वर हलकी टोचणी, आणि पंधरा मिनिटं खाजवायचं नाही. नुसत्या सलाइनचा ठिपका सपाट राहिला. शेंगदाण्याचा डास चावल्यासारखा फुगला, पट्टीने मोजला तर ९ मिलिमीटर. ३ किंवा त्याहून जास्त आलं की सकारात्मक धरतात. त्याचा इतिहास आणि हा ठिपका मिळून निदान पक्कं झालं. तीळ सपाट, म्हणजे संक्रांत वाचली, फक्त तिळगुळात दाणे घालायचे नाहीत. वर्षाने पुन्हा तपासायचं, काही मुलांची ही अ‍ॅलर्जी जाते, बहुतेकांची राहते.

कार्तिकी एकादशीला सासूबाईंनी कुटाऐवजी ओलं खोबरं घालून साबुदाण्याची खिचडी केली. तिचा गोळा झाला. "कुटाशिवाय दाणा मोकळा होत नाही, मी सांगत होते," म्हणाल्या, आणि नातवाला दुसऱ्यांदा वाढली.