एक शब्द आणि अर्धा गुण

स्मरणिकेसाठी मनोगत पाठव, असा निरोप आला तेव्हा आधी हसू आलं. स्नेहसंमेलनात मी फ्लॅट उचलायचो, मैदानावर पाण्याच्या बाटल्या सांभाळायचो, आणि गुणवत्ता यादी लागली की ती मागच्या रांगेतल्यांना वाचून दाखवायचो. यावर काय लिहिणार? पण एक तास आठवतो. इंग्रजीचा, मधल्या सुट्टीनंतरचा, अर्धा वर्ग पेंगत असलेला.

बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, फ्लॅट. "अर्थ?" "सपाट!" सगळे एका सुरात ओरडलो. "छान. मग ही वाक्यं मराठीत करा," असं म्हणत त्यांनी आठ-दहा वाक्यं लिहिली आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

माझ्या वहीत नकार सपाट झाला, मोटारीची बॅटरी चपटी झाली आणि 'द सिंगर वॉज अ लिटल फ्लॅट'चं झालं, 'गायिका थोडी चपटी होती'. हे बाईंनी मला उभं करून मोठ्याने वाचायला लावलं. पेंगणारा अर्धा वर्ग खडबडून जागा झाला. शेवटी फ्लॅट वापरून स्वतःचं एक वाक्य लिहायचं होतं. मी लिहिलं, 'द अर्थ इज फ्लॅट.' त्यावर लाल शाईत शेरा मिळाला : 'व्याकरण बरोबर, भूगोल चूक. अर्धा गुण वजा.' खाली आणखी एक ओळ होती, 'आणि चार वर्षं रंगमंचावर जे उचलतोस, ते काय आहे?' लाकडी चौकटीवर कापड ताणून रंगवलेल्या त्या भिंतींना आम्ही फ्लॅट म्हणत होतो आणि तो हाच शब्द आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

उत्तरं मात्र बाईंनी दिली नाहीत. "गायिकेचं संगीताच्या सरांना विचार," म्हणून मला पिटाळलं. सरांनी पेटी पुढे ओढली. आधी शुद्ध गंधार वाजवला, मग त्याच्या खालची शेजारची पट्टी दाबली. "हा कोमल. इंग्रजीत याला फ्लॅट म्हणतात, स्वर अर्ध्या पायरीने खाली. पण शुद्ध लावायला गेलास आणि किंचित खालीच लागला, तर तोही फ्लॅटच. एक मुद्दाम उतरवलेला, दुसरा आपोआप उतरलेला. आपण पहिल्याला कोमल म्हणतो, दुसऱ्याला बेसूर."

पुढे भाषांतर हाच माझा पोटापाण्याचा उद्योग झाला, तेव्हा या कोमलची गंमत आणखी कळली. मध्ययुगीन युरोपात 'बी' हा स्वर दोन तऱ्हांनी लिहीत. उतरवलेला असेल तर अक्षराचं पोट गोल, नसेल तर चौकोनी. गोल पोटाच्या 'बी'ला लॅटिनमध्ये नाव होतं 'बी मोले', म्हणजे मऊ बी. आज स्वरलिपीत फ्लॅटची जी खूण दिसते, ती त्या गोल 'बी'चीच वंशज. फ्रेंच लोक अजूनही तिला 'बेमोल' म्हणतात. म्हणजे लॅटिनला तो स्वर मऊ वाटला, आपल्याला कोमल, आणि इंग्रजांना तेवढा चपटा. मला हे जरा अरसिक वाटतं, पण ते असो.

खेळाच्या सरांकडे गेलो ते 'टेन सेकंड्स फ्लॅट' घेऊन. त्यांनी थेट आर्मिन हारीची गोष्ट काढली. पश्चिम जर्मनीच्या या धावपटूने १९६० साली झुरिकमध्ये १०० मीटर अंतर बरोबर १० सेकंदांत कापलं. पुढे दशांशात काही नाही, म्हणून फ्लॅट. मी वहीत 'नेमके' लिहिलं. सर म्हणाले, "नेमके नको, मोजून दहा सेकंद लिही." आजही मला तेच बरोबर वाटतं.

हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजीत जिथे फ्लॅट आहे, तिथे मराठीत बहुतेक वेळा क्रियापद येतं. बॅटरी उतरते, टायर बसतो, सूरही उतरतो, विनोद सपशेल पडतो. त्यांचं सगळं होऊन गेल्यावर नुसतं आडवं पडलेलं असतं. आपल्याकडे मात्र ते होताना दिसतं. नकार तेवढा क्रियापदाविना जातो, तो साफ असतो.

राहण्याच्या फ्लॅटने मला सर्वांत जास्त फसवलं. सपाट छताचा म्हणून फ्लॅट, असं मी बरीच वर्षं बेधडक सांगत होतो. तो शब्द खरं तर जुन्या इंग्रजीतल्या 'फ्लेट'वरून स्कॉटलंडमार्गे आला. फ्लेट म्हणजे घरातली जमीन, आणि घरसुद्धा. सपाट अर्थाच्या फ्लॅटच्या शेजारी राहून त्याचा उच्चार तसा झाला. 'आय हॅव गॉट अ फ्लॅट' असं लंडनमध्ये कुणी म्हणालं तर अभिनंदन करायचं. अमेरिकेत म्हणालं तर आधी चाकाकडे बघायचं, कारण घराला ते अपार्टमेंट म्हणतात आणि हवा गेलेल्या टायरला फ्लॅट.

मागच्या महिन्यात बाईंना फोन केला. या लेखाचं निमित्त होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. इंग्रजीतला फ्लॅट, ग्रीकमधला रुंद या अर्थाचा 'प्लातुस' आणि संस्कृतातला पसरणे या अर्थाचा 'प्रथ्' धातू यांचं मूळ एकच मानतात, हे मी नुकतंच वाचलं होतं. प्रथ् वरून पृथु, म्हणजे रुंद, आणि त्यावरून पृथ्वी, म्हणजे पसरलेली. हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि म्हटलं, "बाई, म्हणजे माझं 'द अर्थ इज फ्लॅट' शब्दापुरतं तरी बरोबर होतं."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"वही आहे का रे अजून?"

"नाही बाई."

"मग पेपर तपासणार कसा? अर्धा गुण नाही मिळायचा."