मागच्या लाईटी
आज अख्खा दिवस मागच्या लाईटीत गेला बघा. घरी बांधूलालोय त्या गाडीला, आपल्या शेतातच फिरवायची आहे ती, ट्रॉलीला लावतात तसले चार इंची गोल एलईडी दिवे पसंत केले. दुकानदार म्हणतोय मालक घ्या की, लई उजेड आहे, पण मी बॅटरी घेऊनच गेलेलो, भर उन्हात रस्त्यावर येऊन लावून बघितलं तर एका जोडीत टेल (रात्री कायम पेटते ती) कुठली आणि ब्रेक कुठला कळेचना, दोन्ही सारखेच लाल! मागच्यानं काय समजायचं? ती परत दिली, दुसरी घेतली.

घरी जोडले तर इंडिकेटर भराभरा लुकलुकायला लागला. जुना बल्ब २१ वॅटचा, हा जेमतेम ३ वॅटचा, रिलेला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, करंट कमी दिसला की वाटतंय बल्ब उडालाय. जादा करंट खाणारा रेझिस्टर लावला की भागतंय, पण तो असा तापतोय की फायबरची बॉडी जाळून ठेवील. मग परत बेळगावच्या उद्यमबागेकडं, कारखान्यांच्या भागात पळालो, एलईडीला चालणारा रिले आणला. आई म्हणाली, दोन दिव्यासाठी किती पेट्रोल जाळलास रे?

डावा अजून थोडा वाकडाच बसलाय.