दिले, घेतले

रविवार, रात्रीचे साडेअकरा

पाय सुजलेत. आज लातूरला भाचीचा बस्ता बांधला. गंजगोलाईच्या बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्या सोळाही रस्त्यांवर आज आम्ही चपला झिजवल्या असं वाटतंय. आणि एवढं करून शेवटी सकाळी ज्या दुकानात पहिल्यांदा शिरलो होतो, त्याच दुकानाच्या गादीवर येऊन बसलो. दरवेळी असंच होतं. तरी दरवेळी फिरतो.

नवरामुलगा रत्नागिरीकडचा. विहीणबाई आणि त्यांची बहीण काल रात्रीच्या गाडीने आल्या. साडी उलगडली की विहीणबाई आधी पदर बघायच्या नाहीत, चिठ्ठी बघायच्या. तिसऱ्या साडीला वहिनी माझ्या कानात पुटपुटली, "कोकणातले. पै न् पै मोजणार." मी हसले. पाचच मिनिटांनी पाण्याचा ग्लास घ्यायला उठले तर विहीणबाई बहिणीला हळूच सांगत होत्या, "देशावरची माणसं गो. भांडतायत की बोलतायत तेच कळत नाही."

आता यात खोटं काय होतं? त्या क्षणी आत्या आणि वहिनी आहेराच्या साड्या सतरा की एकोणीस यावरून एकमेकींवर अशा काही तुटून पडल्या होत्या, की शेजारच्या गादीवरचं गिऱ्हाईक साडी सोडून यांच्याकडेच बघत बसलं. भांडण नव्हतंच ते. हिशेब चालला होता. आमच्याकडे हिशेब असाच होतो.

दुकानाचे शेठजी मारवाडी. चार पिढ्या लातुरात. "काकू, तुमच्याकडून काय कमवायचं हो? घरचंच लेकरू उजवूलालो आपण," असं माझ्याहून अस्सल लातुरी बोलतात. बिलात साडेसातशे कमी केले, चहा पाजला, नवरीला वर एक ब्लाउजपीस दिलं. आत्या पायरी उतरली आणि म्हणाली, "किती केलं तरी मारवाडीच. साडेसातशे सोडले म्हणजे दोन हजार आधीच लावले असतील."

घरी आल्यावर झोप येईना म्हणून कपाटातून कुवलयमाला या जुन्या प्राकृत कथाग्रंथाची झेरॉक्स काढली. एम.ए.ला असताना प्राकृतच्या सरांनी दिलेली, कडा पिवळ्या पडलेली. शक 700 पुरं व्हायला एक दिवस उरला असताना हा ग्रंथ संपला असं ग्रंथकार उद्द्योतनसूरींनी स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणजे इसवी सन 779. लिहिला जालोरला, राजस्थानात. भाषा जैन महाराष्ट्री प्राकृत. आणि पोथ्यांवरून तो नीट संपादून छापला आपल्या कोल्हापूरच्या आ. ने. उपाध्ये यांनी. मला हवं होतं ते बाजाराचं पान.

गोष्टीतला राजपुत्र कुवलयचंद्र दक्षिणेत विजयापुरीला येतो. (तोही लग्नाच्याच भानगडीत. हे आज पहिल्यांदाच लक्षात आलं.) बाजारात देशोदेशीचे व्यापारी आहेत आणि सूरी एकेका प्रांताला एकेक गाथा देतात: दिसतात कसे, स्वभाव काय, तोंडात कोणते शब्द. गुर्जर तूपलोण्यावर पोसलेले, धार्मिक, तह आणि लढाई दोन्हींत तरबेज. लाटदेशचे, म्हणजे भडोच-सुरतकडचे, न्हाऊनमाखून, उटी लावून, भांग पाडून आलेले. माळव्याचे किडकिडीत आणि रागीट. आंध्रचे देखणे, बायका आणि लढाया यांचे शौकीन, जेवायला बसले की भयंकर.

आणि आपण? "दढ-मडह-सामलंगे सहिरे अहिमाण-कलहसीले य." बळकट, ठेंगणे, सावळे, सोशीक, अभिमानी आणि भांडखोर. "दिण्णले गहिल्ले" असं बोलणारे मरहट्टे.

दिले, घेतले. श्रवणबेळगोळच्या जुन्या मराठी शिलालेखातल्या "करवियले"च्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी एका परक्या माणसाने बाजारात उभं राहून आपल्या तोंडचे म्हणून टिपलेले हे दोन शब्द. एम.ए.ला हे मी भाषेचा पुरावा म्हणून पाठ केलं होतं: लकारान्त भूतकाळ, म्हणजे "ल" लागून होणारा, पाच गुणांचा प्रश्न. आज मात्र दुपारभर कानावर आदळलेलं सगळं परत ऐकू आलं. आम्ही मावशीच्या लग्नात काय दिलं, त्यांनी काय घेतलं, तेव्हा त्यांनी पैठणी दिली होती का, मग आपण का द्यायची. बाराशे वर्षांत विषयही बदलला नाही, क्रियापदंही नाहीत.

सूरींच्या आधी सव्वाशे-दीडशे वर्षं ह्युएन त्संग इकडून गेला. त्यानेही हेच लिहिलं: लोक मानी, उपकार न विसरणारे, अपमान झाला तर सूड घेणारे, पण शत्रूवर जायच्या आधी त्याला कळवणारे. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा नाही, फक्त बायकी कपडे द्यायचे. म्हणजे बांगड्या भरण्याची भाषा तेव्हापासूनची. एक चिनी भिक्षू आणि एक जालोरचा जैन साधू, एकमेकांना न भेटता आपल्याबद्दल तेच म्हणतात. आता यावर अभिमानी माणसाने चिडावं, की अभिमानी म्हटलं म्हणून खूश व्हावं?

आपणही काही कमी नाही. चक्रधरस्वामींनी शिष्यांना बजावलं, कानडदेशा जाऊ नका, तेलंगदेशा जाऊ नका, महाराष्ट्री असा. स्वामी स्वतः गुजरातेतले, भडोचचे. आपल्या मातीचा अभिमान असा बाहेरून आलेल्याच्या तोंडूनही बोलतो. शेठजी नाही का, नांदेडच्या गिऱ्हाइकांबद्दल आज आम्हाला काय काय सांगत होते. "आपले लातूरचे तसे नसतात."

याच ग्रंथात त्या आधी एका मठाचं वर्णन आहे. लाट, कर्नाट, माळवा, कनोज, सिंध, महाराष्ट्र, कुठकुठली पोरं शिकायला एकत्र राहिलेली. वेद घडाघडा पाठ. आणि बोलणं काय चाललंय? राजकन्या कशी दिसते, आणि "कल्ल जिमियल्लया", काल जेवलास कुठे. राजपुत्राला त्यांची कीव येते. मला नाही आली. संभाजीनगरच्या होस्टेलवर पाच वर्षं काढल्यावर येणं शक्यच नाही. आमच्या मेसमध्ये विदर्भाचं टेबल वेगळं, खानदेशचं वेगळं, भाजी तिखट आहे की गुळचट यावरून आपली-परकी ठरायची. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण जळगावची, तिला मी पहिलं वर्षभर "शेवभाजी" म्हणायचे. तिने मला काय नाव ठेवलं होतं ते इथे लिहीत नाही.

हे वाचताना मी मोठ्याने हसले असणार, कारण कॉटवरून आत्याचा आवाज आला, "काय वाचूलालीस एवढ्या रात्री?"

सांगितलं. गाथा वाचून दाखवली, अर्थही सांगितला. ऐंशी वर्षांची बाई, दिवसभर दमलेली, पण उठून बसली.

"सामळे म्हनजे? काळे म्हनला का आपल्याला?"

"सावळे, आत्या."

"आन् भांडखोर?"

"हो. अभिमानी पण म्हटलंय. सोशीकसुद्धा."

"सोशीक हैच की. नायतर त्या विहिनीला मी आज चार सुनावले असते." थोडा वेळ गप्प. मग, "कुठला व्हता म्हनलीस हा मानूस?"

"जालोरचा. राजस्थान."

"म्हनजे मारवाडीच की! मग काय लिहिनार दुसरं." तिने पांघरूण ओढून घेतलं. पण चैन पडेना. "सोताच्या लोकांबद्दल काय लिहिलं त्याने? ते लिहिलं का काई?"

पुढची-मागची पानं चाळून मारूंची, म्हणजे मारवाडकडच्यांची, गाथा काढली. त्यांनाही सोडलेलं नाही. वाकडे, मंद, खूप खाणारे, अंगाने आडदांड. "अप्पां तुप्पां" बोलणारे.

आत्याने नीट ऐकून घेतलं. एकदा पुन्हा वाचायला लावलं.

"हे मात्र बरोबर लिहिलंय," म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.