टोमॅटो पाय: आधी पाणी, मग ओव्हन

अमेरिकेच्या दक्षिणेत, कॅरोलायना-जॉर्जियाकडे, जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोचा सुकाळ असतो. तेव्हा घरोघरी होणारा हा तिखटमिठाचा पाय (नावाला हसून घ्या). खाली मैद्याची पारी, मध्ये टोमॅटो, वर चीज आणि मेयोनीज. बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. टोमॅटोत शेकडा ९४-९५ भाग पाणी असतं आणि ते सगळं पारीत उतरतं. मी एकदा मीठ लावून निथळायची पायरी गाळली, तर कापताना तळाशी चक्क सार झालं होतं.

म्हणून सुरुवात टोमॅटोपासून. ९ इंची भांड्याला किलोभर लागतात, पूर्ण पिकलेले पण बोटाने दाबल्यावर न फुटणारे. चेरोकी पर्पलसारखे जुन्या वाणाचे मिळाले तर चव वेगळीच, पण ते फार रसाळ. साल काढायचीच, नाहीतर घास तोडताना तिच्या पट्ट्या ओढल्या जातात. बुडाला फुलीची चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात. साल हाताने निघते. मग अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या. यापेक्षा पातळ कापल्या तर भाजताना लगदा होतो. चकत्या जाळीवर पसरून वरून एक छोटा चमचा मीठ भुरभुरायचं, खाली ताट ठेवायचं. पाऊण तासात ताटात चांगलं पाणी साठतं. मग चकत्या सुती फडक्यावर उलटसुलट टिपून घ्यायच्या. बियांभोवतीचा बुळबुळीत गर सगळा काढू नका, खरी चव त्यातच असते. फार सैल असलेला तेवढा बोटाने सारायचा. ताटातलं पाणी आमटीत जातं, फक्त ते खारट आहे हे लक्षात ठेवून.

टोमॅटो निथळत असताना पारी भाजून होते, पण ती मळायची मात्र दोन तास आधी. सव्वा कप (१६० ग्रॅम) मैदा, अर्धा चमचा मीठ, ११५ ग्रॅम फ्रीजमधलं कडक बटर, तीन-चार मोठे चमचे बर्फाचं पाणी. आपला हात इथे चुकतो. शंकरपाळ्यांचं मोहन आपण मुटका वळेपर्यंत चोळतो; इथे वाटाण्याएवढे बटरचे तुकडे दिसत असतानाच थांबायचं. भाजताना ते तुकडे वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. गोळा जेमतेम जमला की पुरे. तासभर फ्रीजमध्ये, लाटून भांड्यात बसवल्यावर पुन्हा अर्धा तास. ही विश्रांती चुकवली तर कडा आकसून आत घसरतात. भांडं पत्र्याचं बरं. फ्रीजमधली काच तापल्या ओव्हनमध्ये तडकू शकते.

पारीला काट्याने टोचे मारून वर बेकिंग पेपर आणि त्यावर काठोकाठ कच्चा राजमा (तो नंतर शिजत नाही, बरणीत भरून पुन्हा याच कामाला). ४०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण २०० सेल्सिअसला १५ मिनिटं. राजमा काढून आणखी १० मिनिटं, तळ कोरडा आणि फिकट बदामी दिसेपर्यंत. गरम असतानाच त्यावर मूठभर किसलेलं चीज पसरलं की ते वितळून पाण्याला आडवं येतं.

पारी गार झाली की तिच्यात परतलेला एक कांदा, चकत्यांचे दोन थर, मध्ये बेसिलची दहा-बारा पानं आणि मिरपूड. वरच्या थरासाठी दीड कप किसलेलं मुरलेलं चेडर चीज आणि पाऊण कप मेयोनीज. तिकडे ड्यूक्स लागतं, १९१७ पासूनचं साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचं मेयोनीज, ज्यात साखर नसते. गोडसर एगलेस मेयोनीज असेल तर अर्धा चमचा मोहरीची पेस्ट आणि थोडं लिंबू घालून तोल सांभाळायचा. चीज घरीच किसा. तयार किसाला चिकटू नये म्हणून भुकटी लावलेली असते, ते एकजीव वितळत नाही.

आता ३७५ फॅरनहाइटला (१९० सेल्सिअस) खालच्या कप्प्यात ३० ते ३५ मिनिटं. कडा आधीच लाल झाल्या तर फॉइलची पट्टी गुंडाळायची. वरचा थर खरपूस ठिपक्यांचा झाला की बाहेर. लालसर रंगाच्या हव्यासाने आणखी ठेवलं तर मेयोनीज फुटतं आणि वर तेलाची तळी साचतात.

आणि लगेच सुरी लावू नका. निदान पाऊण तास जाळीवर राहू द्या. गरम कापला तर थर घरंगळतात. कोमटच जास्त चांगला लागतो. उरलेला दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच १५ मिनिटं तापवायचा. मायक्रोवेव्हमध्ये पारी चिवट होते.