साइक टेक की एल.व्ही.एन.? तुम्ही विचारलंत म्हणून

कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांत मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेक वेळा मुले मोठी झाल्यावर, कामाची परवानगी हाती आल्यावर काहीतरी नवे शिकू पाहणाऱ्या स्त्रिया असतात, नाहीतर चार वर्षांच्या पदवीचा खर्च पाहून आधी कमवायला लागावे असे वाटणारी, नुकतीच हायस्कूल संपवलेली मुले असतात. प्रश्न असा की, व्होकेशनल नर्स, म्हणजे एल.व्ही.एन., व्हावे की सायकियाट्रिक टेक्निशियन, म्हणजे इथल्या बोलीत साइक टेक? मी आधी एल.व्ही.एन. म्हणून वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये काम केले आणि पुढे दुसरा परवाना घेऊन राज्याच्या मनोरुग्णालयात गेले, म्हणून लोक माझ्याकडे येतात.

यांतले एक शिक्षण वरचे आणि दुसरे खालचे, हा समज आधी दूर करते. दोन्ही परवाने सॅक्रामेंटोतील एकच बोर्ड देते, आणि दोन्हींसाठी किमान १५३० तासांचे शिक्षण लागते: ५७६ तास वर्गात, ९५४ तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. फरक आहे तो हे तास कशावर खर्च होतात यात. एल.व्ही.एन.च्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा, बाळंतपण, लहान मुलांचे आजार असे सगळे थोडेथोडे येते. साइक टेकला शरीराच्या शुश्रूषेचा पाया देऊन उरलेला मोठा काळ मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्व या दोन विषयांना दिला जातो. त्यामुळे कोणता अभ्यास सोपा हे विचारण्याऐवजी, आठ तासांच्या पाळीत तुमचे लक्ष कशावर टिकते हे स्वतःला विचारावे.

नर्सिंग होममधील एल.व्ही.एन.ची पाळी औषधांच्या गाडीमागे जाते. नाश्त्यापूर्वी बोटातून रक्त घेऊन साखर पाहायची, इन्सुलिन द्यायचे, डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि ते साठच्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे. मग पोटातील नळीतून आहार, पाठीवरच्या जखमेची पट्टी, आणि हे सगळे उरकेपर्यंत दुपारच्या औषधांची वेळ झालेली असते. काम हातांचे आणि घड्याळाचे आहे. ज्यांना नीटनेटकेपणा आवडतो आणि कामाचे फळ डोळ्यांना दिसलेले हवे असते, त्यांना ते मानवते. शिवाय दवाखाने, डायलिसिस केंद्रे, घरी जाऊन करायची शुश्रूषा असे पर्याय मोकळे राहतात.

मनोरुग्णालयातही औषधांची वेळ असते, पण तिथे गोळी दिली की काम संपत नाही. रुग्णाने पाणी प्यायल्यावर तोंड उघडायला आणि जीभ वर करायला सांगावे लागते, कारण गालात गोळी लपवणारे असतात, आणि हे सांगताना त्याचा अपमान होणार नाही असा सूर साधावा लागतो. उदाहरणार्थ क्लोझापिन घ्या. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर ते उपयोगी पडते, पण त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून सुरुवातीला सहा महिने दर आठवड्याला रक्त तपासतात. ते साऱ्यांच्या लक्षात राहते. त्याच औषधाने होणारी बद्धकोष्ठता मात्र किरकोळ वाटते, आणि तीच वाढत जाऊन आतडे बंद पडले तर माणूस दगावू शकतो. ज्याच्या कानात दिवसभर आवाज चालू आहेत, तो पोट दुखते असे आपण होऊन सांगेलच असे नाही. म्हणून रोज सकाळी शौचाला झाली का हे विचारणारा, आणि ‘झाली’ या उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्या माणसाच्या चेहऱ्यावरून आणि टाकून दिलेल्या ताटावरून ओळखणारा साइक टेक लागतो. अशी ओळख एका पाळीत होत नाही, महिने जातात. मला स्वतःला हेच काम अधिक आवडते, हे लपवण्यात अर्थ नाही.

घरच्यांना भीती वाटते, आणि ती निराधार नाही. नापा, ॲटस्कडेरो, पॅटन, कोलिंगा आणि नॉरवॉक येथील राज्याच्या पाचही मनोरुग्णालयांत बहुसंख्य रुग्ण फौजदारी न्यायालयांमार्फत आलेले असतात. २०१० मध्ये नापा येथे एका साइक टेक बाईंचा रुग्णाच्या हातून खून झाला, आणि त्यानंतर कर्मचाऱ्यांना अंगावर बाळगायची धोक्याची घंटा देण्यात आली. चिडलेल्या माणसाशी कसे बोलावे, किती अंतरावर उभे राहावे, त्याच्याकडे पाठ का करू नये, हे शिकवले जाते आणि ते बहुतेक वेळा पुरते. प्रत्येक वेळी पुरेलच असे मी म्हणणार नाही. भरीस भर म्हणजे माणसे कमी पडली की पुढची पाळीही करायला थांबवून घेतात, आणि लहान मुले घरी असतील तर भीतीपेक्षा हाच जाच मोठा ठरतो. उलट, ही सरकारी नोकरी असून तिला पेन्शन आहे असे सांगितले की पुण्याहून आलेल्या सासऱ्यांचा, ‘येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात सून पाठवायची का?’ असा सूर बराच खाली येतो.

आता सर्वांत व्यवहाराची गोष्ट. एल.व्ही.एन.ची परीक्षा, एन्क्लेक्स-पी.एन., देशभर एकच आहे. टेक्सासमध्ये तर पदाचे नावही हेच आहे, इतरत्र एल.पी.एन. म्हणतात, आणि राज्य बदलल्यावर अर्ज करून तिथला परवाना मिळवता येतो. सायकियाट्रिक टेक्निशियनची परीक्षा मात्र कॅलिफोर्नियाची स्वतःची आहे, आणि असा परवाना देणारी राज्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी उद्या डॅलसला जाईल अशी शक्यता असेल, तर मनाची ओढ कितीही असली तरी एल.व्ही.एन. करावे, त्या परवान्यावरही मानसिक आजारांच्या विभागात काम मिळते. ज्यांनी भारतात बी.एस्सी. नर्सिंग केले आहे, त्यांनी या दोन्हींच्या वाटेला न जाता आपली कागदपत्रे तपासून घेऊन आर.एन.च्याच, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या, परीक्षेचा पाठपुरावा करावा.

शाळा निवडताना बोर्डाच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त शाळांची यादी आणि त्यांचे उत्तीर्णतेचे प्रमाण पाहावे. खासगी शाळा लगेच प्रवेश देते आणि कर्जाचे कागदही तीच पुढे करते. कम्युनिटी कॉलेजात थांबावे लागते, पण फी त्या मानाने फारच कमी असते. तेव्हा थांबावे, आणि त्या काळात १६० तासांचा सी.एन.ए.चा, म्हणजे नर्सच्या मदतनीसाचा, अभ्यासक्रम करून काही महिने पाळ्या कराव्यात. दुसऱ्याचे अंग पुसण्याचे आणि दुसऱ्याचा राग सोसण्याचे काम आपल्याला जमते की नाही, हे त्यात पगार घेऊन कळते.