आरोपपत्रातली ‘अनोळखी महिला’

मी आरोपींची वकील. लाचेच्या खटल्यात टॅप केलेले कॉल पुरावा म्हणून आले की मी सीडी नंतर ऐकते, आधी टॅपिंगचा आदेश वाचते. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम ५(२) खाली कुणाचा फोन ऐकायचा तर सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचं कारण लागायचं. त्याखालचा नियम ४१९-अ २०२४ पर्यंत लागू होता. तो म्हणायचा, आदेशात कारणं लिहा, दुसऱ्या वाजवी मार्गाने माहिती मिळणार नाही हे आधी पाहा, प्रत कामकाजाच्या ७ दिवसांत पुनर्विलोकन समितीकडे पाठवा. एक आदेश ६० दिवस चालायचा, वाढवत नेला तरी १८० च्या पुढे नाही. आमच्या खटल्यातला आदेश त्याच काळातला. जेमतेम एक पान. कारणांच्या जागी कलमाचीच भाषा उतरवलेली, आणि नंबरासाठी सोडलेली मोकळी जागा पेनाने भरलेली.

त्या दिवशी तपास अधिकारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते. टॅपिंगआधी सापळा लावायचा प्रयत्न केला होता का? नाही. बँकेचे उतारे मागवले होते का? नाही. समितीने आदेश तपासला असेल तर त्याचं इतिवृत्त कुठे आहे? “ते आमच्याकडे नसतं.” मग कुणाकडे? “सांगता येणार नाही.” आदेश विचार न करता काढला, असं मी सुचवलं. त्यांनी नाकारलं. न्यायाधीशांनी लघुलेखकाला मजकूर सांगितला, ‘हे म्हणणे खरे नाही की सदर आदेश विचार न करता काढला.’ उलटतपासणीत हे वाक्य हमखास येतं, आणि वरच्या कोर्टात आमचा मुद्दा त्याच्याच आधारावर उभा राहतो.

अधिकारी मला खोटे वाटले नाहीत. ते इतिवृत्त त्यांनी खरोखरच पाहिलेलं नसणार. दोष रचनेतच आहे. समितीत सगळे सरकारचेच सचिव, न्यायाधीश एकही नाही. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेत टॅपिंगआधी न्यायालयीन छाननी हवी अशी मागणी झाली होती. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ती मान्य केली नाही, आणि गृहसचिवांचा आदेश व त्यावर समिती अशी व्यवस्था घालून दिली. पुढे २०१७ मध्ये ९ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा दूरसंचार कायदा आला, २०२४ चे नवे नियम आले. समिती सचिवांचीच राहिली. सरकारने सरकारला तपासायचं, तेही बंद दाराआड, याला मी देखरेख म्हणायला तयार नाही.

जेवणाच्या सुट्टीत अशिलाची बहीण मला गाठून बाजूला घेऊन गेली. ती ना आरोपी, ना साक्षीदार, डबा घेऊन तारखेला येते एवढंच.

“मॅडम, मागच्या तारखेला दुसऱ्या एका आरोपीच्या बायकोने मला विचारलं, गाठीचा रिपोर्ट काय आला म्हणून. मी हे दादाशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं हो.”

ट्रान्स्क्रिप्टचा गठ्ठा काखेतच होता. त्यात चार रकाने असतात, कॉलचा क्रमांक, वेळ, समोरचा नंबर आणि संभाषण. संभाषणात एक ओळ ‘आरोपी क्र. २’ची, एक ‘अनोळखी महिला’ची. म्हणायचं अनोळखी, आणि शेजारच्या रकान्यात तिचा मोबाइल नंबर दहाच्या दहा आकड्यांसह. सोनोग्राफी, बायोप्सीची तारीख, ‘आईला सांगू नकोस’, आणि कंसात ‘रडते’. लाचेचा उल्लेखसुद्धा नाही. तरीही कुणीतरी हे ऐकत टाइप केलं, दोन पंचांसमोर वाजवलं, पंचांनी पानापानावर सह्या केल्या, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०७ प्रमाणे प्रत्येक आरोपीला त्याची मोफत प्रत मिळाली. त्या कलमासाठी मी स्वतः भांडत आले आहे. आरोपीला सगळे कागद मिळालेच पाहिजेत. पण जिचं बोलणं त्या कागदात आलं, तिला काय मिळतं?

“मी तक्रार कुणाकडे करू?” तिने विचारलं.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने टॅपिंग संपल्यावर ९० दिवसांत, न्यायाधीशांनी मुदत वाढवली नसेल तर, ज्याचं नाव आदेशात आहे त्याला कळवावं लागतं. फोनवर बोललेल्या इतरांनाही कळवायचं का, हे न्यायाधीश ठरवू शकतात. आपल्याकडे आरोपपत्र आलं तर कळतं. ज्याच्यावर आरोपपत्रच नाही त्याचा फोन ऐकला गेला हे त्याला जन्मात कळत नाही. हिला कळलं ते कोर्टाच्या व्हरांड्यात, एका तिऱ्हाईत बाईच्या तोंडून.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये १० लाखांच्या लाचेच्या प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही लाचेच्याच प्रकरणातला आदेश रद्द केला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र भ्रष्टाचार मोठा असेल तर तो सार्वजनिक सुरक्षिततेत बसू शकतो असं म्हटलं. अशिलासाठी मी यावर तासभर बोलू शकते. पण हे सगळे वाद आरोपींचे. तिने दाद मागायची तर स्वतंत्र रिट याचिका करावी लागेल.

दुपारी मी तिच्या वतीने छोटा अर्ज दिला. हे कॉल सीलबंद ठेवावेत, वाटलेल्या प्रती परत घेऊन ती पानं झाकून द्यावीत. न्यायाधीशांचा पहिलाच प्रश्न, “यांचा लोकस काय?” म्हणजे अर्ज करायचा यांना अधिकार काय. मी म्हटलं, आवाज त्यांचा आहे, आजार त्यांचा आहे. सरकारी वकिलांनी से, म्हणजे लेखी म्हणणं, दाखल करायला मुदत मागितली, ती मिळाली.

रिटचा मसुदा मी करून ठेवला आहे. नाव गुप्त ठेवण्याची विनंती त्यात आहे. पण कॉलमध्ये काय होतं हे प्रतिज्ञापत्रात सांगावंच लागेल. ते ऐकून ती म्हणाली, “म्हणजे आणखी चार लोक वाचणार.” मी हो म्हटलं. सही करायची की नाही हे ती घरी बोलून ठरवणार आहे, आणि त्यासाठी तिला आता आईला सांगावं लागणार आहे.