इशापूरची .३०३ आणि ओतीव शिशाच्या गोळ्या: तिसरी नोंद

अखेर भोकं गोल यायला लागली. पन्नास यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप दोन इंचांत बसला. ऑगस्टमध्ये याच रायफलीने याच अंतरावर सात इंच पसारा केला होता आणि त्यातली दोन भोकं लांबट होती, म्हणजे गोळी आडवी होऊन कागदात शिरली होती.

रायफल तीच: ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३ स्टार, इशापूर, १९४३. मी पुण्याचा, रायफल बंगालची आणि आमची गाठ पडली ती पेनसिल्वेनियात. भारतात लष्करी .३०३ माझ्यासारख्याच्या हातात येणं शक्यच नव्हतं, त्यामुळे तिचं मला फार अप्रूप आहे.

इतके दिवस मी मिश्रधातूच्या कडकपणामागे लागलो होतो. नळीत शिसं चिकटतंय म्हणजे गोळी मऊ आहे, असं धरून अँटिमनी, म्हणजे शिसं कडक करणारा धातू, वाढवत गेलो. फरक शून्य. मग नळी मोजायची ठरवली. मासेमारीचं मऊ शिशाचं वजन घेतलं, नळीला तेल लावलं आणि लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत ते आरपार काढलं. त्यावर रायफलिंगचे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांचे, ठसे स्वच्छ उमटले. आता ते मोजायचं कसं? माझ्या एनफिल्डच्या नळीत पाच खाचा आहेत. प्रत्येक खाचेच्या बरोबर समोर उंचवटा येतो, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरने खाच ते खाच माप मिळतच नाही. मी एक हजारांश इंच जाडीची पितळी पट्टी त्या शिशाभोवती घट्ट गुंडाळली, वरून मोजलं आणि दोन हजारांश वजा केले. उत्तर आलं ०.३१५ इंच. मी गोळी घालत होतो ०.३१२ची! तीन हजारांशांच्या त्या फटीतून तापलेला वायू पुढे निसटत होता, गोळीची कड वितळवत होता आणि तेच शिसं नळीला फासत होता. मग कितीही अँटिमनी घाला.

आधी नळी साफ केली. त्यासाठी तांब्याच्या तारेची घासणी ब्रशभोवती गुंडाळून फिरवायची. घासणी लोहचुंबकाला लावून बघा. चिकटली तर आत पोलाद आहे, ती नळीत घालू नका. दुसऱ्या फेरीला शिशाचे चंदेरी पापुद्रे निघाले, तमाशातल्या वर्खासारखे.

नवा साचा ०.३१६ची गोळी देतो, वजन सुमारे दोनशे ग्रेन (गोळी आणि दारू तोलायचं माप). धातू म्हणजे गाडीच्या चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं आणि शेकडा दोन कथील. कथिलाने शिसं पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात जातं. लहानपणी वाड्यात कल्हईवाला यायचा, त्याच्या कापसाच्या बोळ्याखाली पातेल्यात पसरणारं कथील आठवतं. इथेही तीच चकाकी. गोळ्यांच्या पहिल्या दहा-पंधरा जोड्या सुरकुतलेल्या येतात, कारण साचा थंड असतो. त्या परत भांड्यात टाकायच्या. काम उघड्या हवेत, जवळपास पाण्याचा थेंब नको, आणि हात धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही.

गोळीच्या बुडाला तांब्याचा गॅस चेक, म्हणजे तापलेला वायू अडवणारी टोपी, आहेच. पण पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांडीचं, तोंड किंचित फुलवणं मी आधी टाळत होतो, तेही चुकलंच. तोंड सरळ असलं की गोळी आत जाताना तिची साल निघते. एनफिल्डच्या बोल्टचे, म्हणजे पुंगळी मागून बंद करणाऱ्या दांड्याचे, अटकाव मागच्या बाजूला असल्याने पुंगळी पहिल्याच बाराला लांबते. म्हणून पूर्ण साइझिंग, म्हणजे सगळी पुंगळी दाबून मूळ मापाला आणणं, न करता फक्त मान आवळतो. सौम्य भरणीत पुंगळ्या खूप टिकतात. मान काळी पडते, त्याने बिघडत नाही.

दारूचं वजन मी मुद्दामच लिहीत नाही. आपापल्या दारूचं मॅन्युअल घ्या आणि ओतीव गोळीच्या रकान्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. या भरणीने पुंगळी अर्धीही भरत नाही, म्हणजे चुकून दोनदा दारू पडली तरी मावते. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघतोच, एकही सोडत नाही.

त्याच रिकाम्या जागेची आणखी एक गंमत कळली. नळी वर करून मग हळूच आडवी केली, तर दारू प्रायमरकडे, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीकडे, राहते. खाली करून उचलली तर गोळीकडे. दोन्ही पद्धतींनी पाच-पाच बार काढले. वेगात सेकंदाला सुमारे नव्वद फुटांचा फरक पडला. आता प्रत्येक बाराआधी नळी वर करतो आणि वेग १,४५०च्या आसपास राहतो. या रायफलीच्या मूळच्या लष्करी मार्क ७ काडतुसाची गोळी १७४ ग्रेनची आणि वेग २,४४० होता, त्यामुळे नेम धरायच्या मागच्या पट्टीवरचे अंतराचे आकडे इथे लागू पडत नाहीत. शंभर यार्डांना मला ३००ची खाच लागते.

जाता जाता: जुन्या काडतुसांच्या एका डब्यात खडकीच्या पुंगळ्या मिळाल्या. बुडावर के, एफ आणि मधे बाण. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, आणि मी शाळेला त्याच रस्त्याने जायचो. त्यांना बर्डन प्रायमर असतो, म्हणजे प्रायमर ज्यावर ठोकला जातो ती ऐरण पुंगळीतच आणि ठिणगीची भोकं दोन. नेहमीच्या पिनने तो निघत नाही, म्हणून त्या भरत नाही. एक पुंगळी घासूनपुसून टेबलावर ठेवली आहे.

पुढच्या वेळी शंभर यार्डांवर दहा-दहाचे ग्रुप काढणार आहे. ०.३१५ आणि ०.३१६ एकाच दिवशी, एकाच धातूच्या.